खुर्ची, पाणी आणि शेजार

नोव्हेंबर १६१५ मध्ये सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीर बादशहाच्या भेटीला अजमेरकडे निघाला होता. वाटेत तो बऱ्हाणपुरात थांबला. दख्खनच्या मोगल फौजेचं ठाणं तेव्हा इथे होतं आणि शहजादा परवेज दरबार भरवत असे. आत शिरताना रोला सांगण्यात आलं की डोकं उघडं करून जमिनीला टेकवावं लागेल. त्याने साफ नकार दिला. आपण वकील आहोत, कुणाचे चाकर नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे गेल्यावर त्याने बसायला खुर्ची मागितली. इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी त्याला इथे बसायला मिळणार नाही, असं उत्तर आलं. फार तर चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभं राहायची सवलत मिळाली, तेवढी त्याने घेतली. नजराण्यात त्याने दारूच्या बाटल्यांची पेटी दिली होती. शहजादा आत निवांत भेटतो म्हणाला, आत जाऊन त्याने ती पेटी उघडली आणि ती निवांत भेट राहूनच गेली. रोने हे सगळं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

याच सुमारास याच गावात अब्दुर्रहीम खानखाना पाण्याच्या मागे लागला होता. त्याची कुंडी भंडारा ही पाणीयोजना १६१५ च्या आसपासची, असं मानतात. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारं पाणी बोगद्यांत अडवायचं, उताराच्या जोरावर गावाकडे आणायचं आणि वाटेत शंभरावर कुंड्या ठेवून त्यांत हवा आणि उजेड सोडायचा, अशी ती इराणी पद्धतीची योजना होती. पंप नाही, मोट नाही. आज त्यातल्या एका कुंडीत लिफ्टने उतरता येतं. खाली पाऊल टाकताच गार हवा लागते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याचा थर इतका जाड चढलाय की काही ठिकाणी मूळचा दगड दिसत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेवरच्या लेखांच्या या संग्रहाची सुरुवात एका मानी ख्रिस्ती वकिलाने आणि एका मुसलमान सरदाराच्या पाण्याने का, असं कुणी विचारेल. रोला मी दोष देत नाही. राजाने ज्या कामाला पाठवलं होतं त्यात ताठ उभं राहणं येतच होतं. पण बऱ्हाणपुरात ख्रिस्ती माणसाने गाजवलेला जो ठळक प्रसंग कागदावर आहे तो खुर्चीचा आहे, आणि गावाने जे चारशे वर्षं जपलं ते पाणी आहे, हे मनात घेऊन पुढची पानं वाचावीत असं मला वाटतं. माणूस कुणापुढे वाकतो यावरून त्याची नम्रता फारशी कळत नाही. तो ताठ उभा राहतो तेव्हा कुणासाठी उभा राहतो, यावरून ती कळते. या संग्रहातले बहुतेक लेख या ना त्या वाटेने इथेच येऊन पोचतात.

आता आमची स्थिती. बऱ्हाणपूर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं मूठभर. घरात मराठी, बाजारात हिंदी, आजोळी कुठे निमाडी तर कुठे कोरकू. रावेर-भुसावळ तासा-दोन तासांवर असलं तरी ते दुसरं राज्य, त्यामुळे तिकडची मराठी मंडळी आम्हाला हिंदीवाले समजतात आणि इकडचे लोक महाराष्ट्रातले समजतात. त्यातून हा प्रदेश धर्माच्या प्रश्नावर जुन्या मध्य प्रांतापासून हळवा. १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ चा. मग १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २०२१ साली त्याची जागा नव्या, अधिक कडक कायद्याने घेतली. या कायद्यांची चर्चा करायची ही जागा नाही. त्यांची सावली घराघरांत कशी पडते, एवढंच इथे सांगायचं आहे. ‘आपण बरं, आपलं काम बरं’, ‘नको ती भानगड’, ‘आपलं नाव पुढे नको’ ही वाक्यं आमच्या घरांत जेवणाआधीच्या प्रार्थनेइतकीच नेमाने म्हटली जातात. गल्लीतली गटार तुंबली तर अर्ज शेजाऱ्याने करावा, आपण सही करू, तीही खाली कुठेतरी.

या गप्प बसण्याला आम्ही नम्रता म्हणतो, आणि माझी तक्रार इथेच आहे. भीती समजण्यासारखी आहे. तिला सद्गुणाचा अंगरखा घालू नये.

शुभवर्तमान नीट वाचलं तर त्यात अशी गप्प नम्रता सापडत नाही. शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग योहानाने सांगितला आहे. तो प्रत्येकाला पाठ असतो, पवित्र सप्ताहात त्यावर प्रवचनं होतात. त्याच योहानाने चार-पाच अध्याय पुढे जे सांगितलं आहे त्यावर मात्र मी फारशी प्रवचनं ऐकलेली नाहीत. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला थोबाडीत मारतो. येशू हात उचलत नाही आणि मान खाली घालून उभाही राहत नाही. माझ्या बोलण्यात वावगं काय होतं ते दाखव, नसेल तर मारण्याचं कारण सांग, असा जाब तो त्या शिपायाला विचारतो. पाय धुणारा आणि जाब विचारणारा माणूस एकच आहे, आणि रात्रही एकच आहे.

पौलाची गोष्ट तर थेट नागरिकत्वाचीच. फिलिप्पै गावात त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडलंय, निमूट निघून जा. पौल निघायला तयार होईना. आपण रोमी नागरिक आहोत, उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता काय, स्वतः या आणि बाहेर न्या, असं त्याने कळवलं. अधिकारी आले, विनवण्या केल्या. पौलाला त्या विनवण्यांची हौस होती असं मला वाटत नाही. त्या गावात नव्याने जमू लागलेली छोटी मंडळी मागे राहणार होती. पुढच्या वेळी त्यांच्यातल्या कुणाला उचलताना हात जरा अडखळावा, यासाठी तो हटून बसला असावा. हा माझा अर्थ आहे, पंडितांनी तो तपासावा.

मराठीत या विषयावर लिहायचं तर पंडिता रमाबाईंपाशी थांबावंच लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळत होता. निमाडही तेव्हा याच प्रांतात. रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. ते १८८९ साली मुंबईत सुरू झालेलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेलं. सदनाला मदत करणारे अमेरिकेत होते, हाताशी काम भरपूर होतं, मध्य प्रांतात त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. पण दुष्काळ त्यांना ठाऊक होता. १८७०च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी कामांवर आणि अनाथालयांत फिरल्या. उपासमारीने सैरभैर झालेल्या मुलींवर टपून बसलेली माणसं त्यांना तिथे दिसली. सुमारे तीनशे मुली त्यांनी सोडवून आणल्या. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातींतल्या विधवांसाठी होतं. या मुली कोणकोणत्या जातींच्या, कुठल्या गावच्या, काही ठाऊक नव्हतं. अंगात उवा, खरूज, पोटं फुगलेली, रात्री धान्य चोरून उशाला लपवायची सवय. त्यांना न्हाऊ-माखू घालणं हेच मग शिकल्या-सवरलेल्या विधवांचं काम झालं. केडगावच्या मुक्ती मिशनची सुरुवात अशी आहे. तिच्यावर नंतर जे गोडगोड लिहिलं गेलं त्यात ही खरूज गळून पडते.

पुण्यात प्लेग आला आणि मुलींना शहरात ठेवणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती सुरू होती, लोक हवालदिल होते. प्लेगच्या दवाखान्यात मुली-बायकांची अब्रू सुरक्षित नाही, आपल्याच आश्रमातल्या मुलीच्या बाबतीत हे घडलं, असं पत्र रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहिलं. ते ख्रिस्ती वृत्तपत्र होतं. ज्या सरकारच्या परवानगीने त्यांचा आश्रम चालत होता, ते सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं. त्यांच्या संस्थेला पैसा देणाऱ्यांना असली पत्रं रुचणार नव्हती. आणि ज्या पुणेकरांची बाजू त्या मांडत होत्या, त्यांतल्या कित्येकांनी चार वर्षांपूर्वी शारदा सदनावर धर्मांतराचं बालंट आणून आपल्या मुली काढून नेल्या होत्या. पार्लमेंटात प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचं म्हणणं चुकीचं म्हणून झटकून टाकलं. पत्राच्या पुढच्याच महिन्यात पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या गदारोळात एका बाईच्या पत्राची आठवण मागे पडली. १९१९ साली याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

रमाबाईंना गर्विष्ठ म्हणणारे लोक चर्चमध्येही होते, याची आठवण इथे मुद्दाम करून देतो. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्ममाता. दोघींमधला पत्रव्यवहार छापलेला आहे. चर्चने सांगितलेलं रमाबाईंनी मुकाट मान्य करावं, अशी सिस्टरबाईंची अपेक्षा. आपल्या सदसद्विवेकाला न पटलेलं आपण मान्य करणार नाही, हा रमाबाईंचा बाणा. त्यापायी रमाबाईंना हट्टी, घमेंडखोर असं ऐकून घ्यावं लागलं. आजही बायबल-वर्गात एखादी मुलगी पाळकांना सरळ प्रश्न विचारते तेव्हा मागच्या बाकावरून ‘नम्रता शिक’ असं येतंच. अशा वेळी मला तो पत्रव्यवहार आठवतो. तो वाचताना इंग्रज धर्ममातेपेक्षा तिची भारतीय लेकच अधिक नम्र वाटते, कारण ती आपली शंका लपवत नाही आणि प्रेमही तोडत नाही.

पुरुषांतलं उदाहरण हवं तर जे. सी. कुमारप्पा घ्या. तंजावरच्या ख्रिस्ती घरातला, लंडन-न्यूयॉर्कला शिकून आलेला हिशेबतपासनीस. १९३०च्या दशकात वर्ध्याला गांधींकडे आला आणि मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या हिशेबात रमला. मध्य प्रांतातल्याच जबलपूरच्या तुरुंगात त्याने येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिलं. त्याआधी १९३० साली कायदेभंगावरून कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन वेस्टकॉट यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला होता. सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी विसंगत आहे असं बिशपसाहेबांचं मत, आणि निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालताना गप्प बसणं विसंगत आहे असं कुमारप्पाचं. हे नाव आमच्या मंडळ्यांत फारसं घेतलं जात नाही. गांधीवाल्यांनी त्याला आपला म्हटलं आणि आम्ही तो देऊन टाकला.

आणि अगदी अलीकडचं नाव म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला झाला, टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला. त्या लढ्यात वाडवळ, कुपारी, आगरी, हिंदू, ख्रिस्ती सगळे होते. पाणी कुणा एका धर्माच्या विहिरीतून आटत नव्हतं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आरडाओरडा झाला. आजारपणातही ते व्यासपीठावर गेले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. संतसाहित्य आणि बायबल एकाच श्वासात बोलणारा आणि तरीही झोनिंगचे नकाशे वाचता येणारा असा माणूस आमच्या पिढीला डोळ्यांनी पाहायला मिळाला, हे आमचं भाग्य.

ही सगळी मोठी माणसं. रोजच्या जगण्यात नम्रतेची परीक्षा याहून बारीक जागी होते, आणि तिथे आम्ही सर्रास नापास होतो. पहिली जागा जात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःवर हसत जे सांगितलंय त्यात क्रम पाहण्यासारखा आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. पण कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, हे त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी ठरवलं. सोवळं आधी सुटलं, पाणी नंतर डोक्यावर पडलं. आमच्यात उलटं झालं. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी लग्न जमवताना ‘तसे ते मूळचे कोण?’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातोच. घटना परिषदेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचा आग्रह सोडला, याचा आम्ही अभिमानाने उल्लेख करतो. करावाच. पण वेगळं राहणार नाही असा शब्द देशाला देताना एकमेकांत वेगळे राहायची सवय आम्ही मोडली नाही.

दुसरी जागा सेवेचा फोटो. नाताळात ब्लँकेटवाटप करायचं, घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे तोंड करायला सांगायचं. यावर एका लेखात सविस्तर लिहिलं आहे, म्हणून इथे पुढे जातो.

तिसरी जागा सरकारी काउंटर, आणि बऱ्हाणपुरात राहणाऱ्याला ती चुकत नाही. जुलै २०२२ मध्ये हा जिल्हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा म्हणून जाहीर झाला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी आपापल्या गावात घरोघर नळ पोचल्याचे ठराव केले. खानखान्याच्या गावाला हे साजेसंच झालं, आणि त्याचं कौतुक आहे. अशा ठरावाचं वजन मात्र ग्रामसभेत वर झालेल्या हातावर असतं. सरपंच, सचिव, शेजारपाजार सगळे समोर असताना, ‘माझ्याकडे पाणी येतं, पण वरच्या फाल्यातल्या चार घरांत अजून पोचत नाही’ हे उभं राहून सांगायला जे लागतं, त्याला मी ख्रिस्ती नम्रता म्हणेन. स्वतःचा नळ चालू असताना दुसऱ्याच्या नळासाठी सभेचा रसभंग करायचा, आणि तोही आवाज न चढवता.

शहरात हेच 'एक-आठ-एक'वर होतं. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, १८१ ही मध्य प्रदेशची सीएम हेल्पलाइन. तक्रार नोंदली की ती खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, निकाल लागला नाही की एल-वन, एल-टू करत वर चढते. तक्रारदार समाधानी आहे असं म्हणाला की ती बंद. त्यामुळे खालचा कर्मचारी नळ दुरुस्त करण्याआधी फोन करतो: ‘भैया, कंप्लेंट कटवा दो, नौकरी का सवाल है.’ आता काय करायचं? दया वाटते, भीड पडते, आणि आपण ‘ठीक आहे, बंद करा’ म्हणतो. एका लेखकाने या एका फोनवर चार पानं लिहिली आहेत आणि संग्रहातली ती मला सर्वांत आवडली. त्याचं म्हणणं असं की त्या कर्मचाऱ्याशी प्रेमाने बोलावं, चहा पाजावा, त्याच्यावर खोटे आरोप करू नयेत, पण झालं नाही ते झालं असं सांगू नये, कारण त्या नळावर आपल्याखेरीज आणखी घरं आहेत. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा तो इथे लावतो. मोशेच्या मनात हेल्पलाइन नव्हती हे खरं, पण आज्ञा चपखल बसते.

काही लेखांशी मी सहमत नाही. सरकारचा कर भरणं आणि सरकारच्या धोरणाला विरोध करणं यांत एक लेखक विरोध पाहतो. मला तो दिसत नाही. कैसराचं नाणं कैसराला द्यायला सांगणाऱ्याने माणूसही कैसराला देऊन टाका असं कुठे सांगितलंय? दुसऱ्या एका लेखात नम्रतेला जवळजवळ आरोग्याचा उपाय केलं आहे, मन शांत राहतं, झोप लागते वगैरे. रमाबाईंना त्या वर्षी झोप लागली असेल असं वाटत नाही. पण असे लेखही ठेवले आहेत. मंडळीत बसणारी माणसं अशीच, मिसळीची असतात.

पुस्तक कुणासाठी? आधी आमच्याच लोकांसाठी. मग ज्या शेजाऱ्यांना, ही माणसं रविवारी तिथे जमून नेमकं काय करतात असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठीही. त्यांनी यातलं हवं ते घ्यावं, पटणार नाही त्यावर भांडावं. भांडायला शेजारीच लागतो.

वाचण्याचा क्रम सांभाळायची गरज नाही. देवशास्त्राची धास्ती असलेल्यांनी शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यात समग्र आयडीत नाव चुकलं तर कुठे जायचं, मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज दोन प्रतींत का न्यायचा आणि पोच का घ्यायची, मतदारयादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ कसा भरायचा, हे ओळीओळीने दिलंय. ते पान फाडून शेजारच्या घरी दिलंत तरी पुस्तक खराब झालं असं मी मानणार नाही.